रिकामा डबा

समाजसेवकांबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. पण तो लांबूनच. समोरून कुणी पावतीपुस्तक घेऊन येताना दिसला, की मी आदरपूर्वक पलीकडच्या फुटपाथवर जातो. याचा अर्थ मी कंजूष आहे असा नव्हे. (आमच्या घरात याबद्दल दोन मतं आहेत. त्यांतलं हे माझं.) खरी गोष्ट अशी, की मी बी.कॉम. झालेला आणि गेली बावीस वर्षं बँकेत कारकुनी करणारा माणूस. एकाचे पैसे मोजून घ्यायचे आणि ते दुसऱ्याला मोजून द्यायचे, यात जन्म चाललेला. दिवसभर एवढी निःस्वार्थ सेवा हातून घडत असताना सुट्टीच्या दिवशी आणखी वेगळी सेवा कशाला, असा माझा साधा हिशेब होता.

तरीसुद्धा आज चिंचपोकळीतल्या निदान दोन गल्ल्यांत मला 'डबेवाले साहेब' म्हणून ओळखतात. 'साहेब' हा शब्द मला बँकेत बावीस वर्षांत कुणी लावला नव्हता. तो शेवटी डब्याने मिळवून दिला.

हे सगळं सुरू झालं २०२० च्या मार्चमध्ये. टाळेबंदी लागली. लोकल बंद, हॉटेलं बंद, घरकामाच्या बायका येईनात. तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं घरोघर फिरली आणि एकटीदुकटी म्हातारी माणसं हुडकून त्यांना खिचडी पोचवू लागली. एरवी ज्यांच्याबद्दल आपण 'ढोल बडवण्यापलीकडे यांना काही येत नाही' म्हणतो, तीच ही पोरं. पुढे टाळेबंदी उठली, पण यादी उठली नाही. कारण यादी करताना पोरांच्या असं लक्षात आलं, की यातल्या कित्येकांची टाळेबंदी आधीपासूनच चालू होती. कुणाचे गुडघे गेलेले आणि खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी. कुणाला दिसत नव्हतं. कुणाचा मुलगा बदलापूरला, कुणाचा टोरांटोला; अंतरात फरक असेल, पण दोन्हीकडून गरम पोळी येत नाही ती नाहीच. सकाळी चहात बुडवलेली खारी आणि रात्री चहात बुडवलेली खारी, याला ही माणसं दोन वेळचं जेवण म्हणत होती.

म्हणून मंडळाने ठरवलं, की दुपारचा एक डबा चालू ठेवायचा. गल्लीतल्याच एका वहिनींनी स्वयंपाक पत्करला. चौदा डबे झाले. आठवडाभर कॉलेजची पोरं ते पोचवत. पण सुट्टीच्या दिवशी पोरं दुपारी बारापर्यंत झोपलेली असत. तेव्हा मंडळाच्या चिटणीसाची नजर माझ्यावर पडली.

"तुम्ही बँकेत ना?" त्याने विचारलं.

मला वाटलं, कर्ज हवंय. मी सावधपणे "हो" म्हटलं.

"म्हणजे रविवारी सुट्टी. २०१५ पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही सुट्टी. शिवाय बाकीचे सण आहेतच."

माणसाच्या अंगी समाजसेवेला लायक असा एखादा गुण असावा लागतो. माझ्या अंगी तो कॅलेंडरातून आला.

मी कां कू करतो आहे असं पाहून चिटणीसाने भाषणच केलं. म्हणाला, विलायतेत ही पद्धत १९४३ पासून आहे. महायुद्ध चालू असताना तिथल्या स्वयंसेविका म्हाताऱ्या माणसांच्या घरी शिजवलेलं जेवण नेऊन द्यायच्या. अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फियाला सुरू झालं. 'मील्स ऑन व्हील्स' म्हणतात त्याला. "आणि आपण अजून मागे!" असं म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली.

ज्या शहरात ही मूठ आपटली गेली, त्याच शहरात १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी माणसं जमवून डबे पोचवायला सुरुवात केली होती, हे त्याला सांगावंसं वाटलं. पण मग विचार केला, फरक आहे खरा. आपला डबा घरून निघून हापिसात जायचा. घरी बसलेल्या माणसाला डबा कोण पोचवणार, हा प्रश्न त्या काळी पडायचं कारण नव्हतं. घरी माणसं असायची.

मी कबूल झालो. माझ्या वाट्याला पाच डबे आले.

पहिल्याच दिवशी मी कामाला शास्त्रीय बैठक द्यायचं ठरवलं. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यांवर रंगाने अक्षरं आणि आकडे काढलेले असतात. कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं झाकणावर. या खुणांवर हजारो माणसांनी लाखो डबे बिनचूक पोचवले आणि हार्वर्डवाल्यांनी त्याचा अभ्यास केला. मी कॉमर्सचा पदवीधर. पाच डब्यांना खुणा करायला हार्वर्डची काय गरज? सौभाग्यवतींच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. लाल टिकली म्हणजे मधुमेह, हिरवी म्हणजे रक्तदाब, पिवळी म्हणजे दात नाहीत. पद्धत निर्दोष होती. फक्त तो जुलै महिना होता, हे मी विसरलो. पुलापर्यंत जाईतो टिकल्या पावसात वाहून गेल्या, आणि मधुमेहवाल्या आजोबांना शिरा, रक्तदाबवाल्यांना लोणचं आणि दात नसलेल्या आजींना ज्वारीची भाकरी मिळाली.

तक्रार फक्त भाकरीबद्दल आली. मधुमेहवाले आजोबा म्हणाले, "चूक माणसाकडूनच होते. पुढच्या रविवारीसुद्धा होऊ द्या."

माझा पहिला डबा एका नव्या टॉवरमध्ये, सोळाव्या मजल्यावर जायचा. जुनी चाळ पाडून हा टॉवर झालेला, आणि चाळीतलेच एक निवृत्त मास्तर तिथे एकटे राहतात. चाळीत त्यांच्याकडे जायला दोन जिने चढावे लागत, एवढाच त्रास होता. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला वॉचमन ओलांडावा लागतो.

"कंपनी कौनसी?" वॉचमनने विचारलं.

मी बँकेचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ये नया ॲप है क्या?"

मग रजिस्टरमध्ये नाव, फोन, वेळ, सही. इतकी चौकशी आम्ही खातं उघडतानाही करत नाही. शेवटी त्याने मास्तरांना फोन लावला. मास्तरांना ऐकू कमी येतं, हे त्यांना डबा देण्याचं एक कारण. त्यामुळे ते फोन उचलत नाहीत. पंचवीस मिनिटांनी मला माल चढवायच्या लिफ्टने वर सोडण्यात आलं. सोबत एक कपाट होतं.

मास्तरांनी डबा उघडायच्या आधी त्याला अडकवलेली चिठ्ठी वाचली. वहिनींनी लिहिलं होतं, 'वरण भात, दोडक्याचि भाजी, चपाति.' मास्तरांनी लाल पेनने दोन ठिकाणी वेलांटी दीर्घ केली, दहापैकी सहा गुण दिले आणि चिठ्ठी मला परत दिली. तेव्हापासून दर आठवड्याला चिठ्ठी तपासून येते. वहिनी आता साडेआठपर्यंत पोचल्या आहेत.

दुसरा डबा चाळीतल्या अण्णांचा. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. रत्नागिरीकडचे, म्हणजे आमच्याच भागातले. मंडळाचा डबा शाकाहारी, आणि मी जाणार रविवारी. रविवारी दुपारी कोकणी माणसापुढे पडवळाची भाजी ठेवताना नजरेला नजर देता येत नाही. अण्णा झाकण उघडत, आत बघत आणि गिरणी बंद पडल्याचं कळावं तशा आवाजात म्हणत, "पडवळ." एकदा मात्र त्यांचा परत आलेला डबा उघडला, तर सुकटीचा घमघमाट आला. आजपर्यंत त्यांनी पुरवठादाराचं नाव सांगितलेलं नाही. मीही मंडळाला कळवलेलं नाही. काही नोंदी वहीत घ्यायच्या नसतात, एवढं बावीस वर्षांत मला कळतं.

तिसरा आणि चौथा डबा एका जोडप्याचा. दोघं गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. खोली दहा बाय बाराची. त्यामुळे न बोलणं सोपं नसतं. मी गेलो की आजोबा मला सांगतात, "यांना सांगा, औषध घ्यायचं राहिलंय." आजी मला सांगतात, "त्यांना सांगा, मला आठवण आहे. आणि म्हणावं, खिडकी लावा, त्यांना वारा बाधतो." मी दोघांच्या मधे उभा राहून चेक क्लिअर करावेत तसे निरोप क्लिअर करतो. आठवड्यातले उरलेले दिवस हे काम कॉलेजची पोरं करतात. एका पोराने मला गंभीरपणे विचारलं, "काका, लग्न म्हणजे असंच असतं का?" मी त्याला म्हटलं, चांगलं टिकलं तर असंच असतं.

या फेऱ्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. वर्षातून एकदा आम्ही त्यांना, नियमाप्रमाणे, "आपण जिवंत आहात का?" असं विचारतो आणि त्यांच्याकडून तसं लिहून घेतो. डबा हे रोज विचारतो. दारावर थाप मारायची. आतून चपला घासत येण्याचा आवाज आला की झालं, दाखला मिळाला. एकदा अण्णांच्या दारावर तीन थापा मारूनही आवाज आला नाही. त्या अर्ध्या मिनिटात पडवळाचा डबा हातात धरून मी मनातल्या मनात चिंतामणीला जे जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णा संडासला गेले होते. बाहेर येऊन त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "पडवळ." मला तो शब्द इतका गोड कधी लागला नव्हता.

आता पाचवा डबा.

पाचवा डबा एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या आजींचा. वय ब्याऐंशी. मूळच्या सातारकडच्या. गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षं खाली उतरलेल्या नाहीत. पोरांनी यादीत त्यांचं नाव घातलं होतं, पण शेरा होता : 'डबा घेत नाहीत.' एका चौथ्या शनिवारी चिटणीसाने मला सांगितलं, "तुम्ही बँकेतले. अवघड गिऱ्हाइकांची सवय असेल. बघा जमतंय का."

आजींनी दार उघडलं. डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"किती झालं?"

"पैसे नाहीत आजी. मंडळाकडून आहे."

"मग नगं." दार बंद.

दुसऱ्या दिवशी रविवार. पुन्हा गेलो. या वेळी दार अर्धंच उघडलं. "तुला काल सांगितलं न्हवं? फुकटचं मी खात न्हाई. याच खोलीत मी सव्वीस मेंबर जेवू घातलेत. दोन पाळ्यांत. आता तू मला जेवू घालतोस व्हय?"

तेव्हा मला उलगडा झाला. आजी खानावळवाल्या होत्या.

गिरणगावातल्या तरुण वाचकांसाठी सांगतो. (वयस्कर वाचकांनी एवढा परिच्छेद सोडून चहा घ्यावा.) गिरण्यांत काम करणाऱ्या माणसांची बायकापोरं बहुतेक गावी असत. एकेका गाळ्यात वीस वीस पुरुष पाळीपाळीने झोपत. त्यांना दोन वेळचं घालायच्या त्या चाळीतल्याच बायका. पहाटे उठून पीठ मळायचं, पहिल्या पाळीचं संपलं की दुसरीचं. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाणी उधारीवर धान्य देई आणि सावकार व्याज लावी. गिरण्यांचा इतिहास लिहिताना लोक सूत मोजतात, कापड मोजतात, संप मोजतात. भाकऱ्या कुणी मोजल्या नाहीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्जं मिळवून दिली. तारण द्यायला या बायकांकडे पोळपाट-लाटणं होतं. मग त्या एकमेकींना जामीन राहिल्या.

हे आजींनीच मला पुढे सांगितलं. "तुझ्यासारखाच एक टायवाला हुता बँकेत. म्हनला, सही येती का? म्हनलं, तुझ्या आईला येती का? गप बसला. पाटल्या मोडल्या, पर हप्ता चुकवला न्हाई."

पण हे सगळं पुढे. त्या रविवारी मी बंद होत असलेल्या दारासमोर उभा होतो. आणि मला एकदम बँकेतली अक्कल सुचली. म्हटलं, "आजी, हे फुकट नाही. हे सँपल आहे. आमच्या वहिनी चौदा जणांचा स्वयंपाक करतात, पण त्यांना सांगणारं कुणी नाही. तुम्ही खाऊन बघायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. तुमची मेहनत, आमचा डबा. व्यवहार आहे."

आजींनी थोडा विचार केला. मग डबा आत घेतला आणि उभ्या उभ्याच आमटीत बोट बुडवून चाटलं.

"फोडणी करपलीया," त्या म्हणाल्या. "मव्हरी तडतडायच्या आधी जिरं टाकलंय. बाईला घाई हुती."

खाली येऊन मी हा अहवाल वहिनींना दिला. वहिनींनी पळी खाली ठेवली. "कोण ही म्हातारी? मी सकाळी पाचला उठून चौदा माणसांचं रांधते, आणि..." पुढचं मी ऐकलं नाही. त्यात माझंही नाव होतं. पण पुढल्या रविवारी डबे भरताना वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज मोहरी तडतडू दिलीये. सांगा म्हणावं." आणि मी परतल्यावर पहिला प्रश्न, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हात बसतोय."

वहिनींना महिला दिनाच्या दिवशी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं होतं. तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता.

आणखी एक गोष्ट. आजींकडून डबा कधी रिकामा परत आला नाही. पहिल्या दिवशी झाकणात गुळाचा खडा होता. मग कधी चार लवंगा, कधी कागदात बांधलेला घरचा मसाला, कधी नुसतीच चिमूटभर साखर. मी म्हटलं, "आजी, हे कशाला?" तर म्हणाल्या, "रिकामा डबा परत दिऊ नये." मी माझ्या खतावणीत त्यांना घेणेकरी म्हणून मांडलं होतं. त्या दर आठवड्याला शांतपणे स्वतःचं नाव देणेकऱ्यांत लिहीत होत्या, आणि खरं सांगायचं तर टॅली त्यांच्याच बाजूने होत होती.

एका शनिवारी आजींनी ट्रंकेतून एक वही काढली. लाल कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. "तू बँकेतला. ही बेरीज बघून दे. मला आता दिसत न्हाई."

खानावळीची उधारीची वही होती ती. सन १९८१-८२. बाकीच्या वह्या वाळवी जेवली. पानावर एकेका मेंबराचं नाव, गाव, गिरणी आणि महिन्याचे आकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. जानेवारीच्या रकान्यात निम्म्या लोकांचे पैसे जमा. फेब्रुवारीत चार जणांचे. मार्चपासून जमेचा रकाना कोरा, आणि नावेचा भरतच चाललेला.

मी बेरीज केली. अकरा हजार सातशे चाळीस रुपये. त्या काळचे.

"आजी, पगार बंद झाल्यावर तुम्ही जेवण बंद नाही केलंत?"

"काय गावी गेले. जे ऱ्हायले ते ताटावर येऊन बसायचे. बसलेल्या मानसाला उठवायचं कसं?"

आमच्या बँकेत हप्ता नव्वद दिवस थकला की त्या कर्जाला अनुत्पादक म्हणतात. मग पत्रं, मग नोटीस, मग वसुली, आणि शेवटी ते बुडीत खाती टाकून मोकळे होतात. मी आजींना म्हटलं, "हे आता बुडीत धरायचं. रेघ मारून टाका."

"का म्हनून? संप अजून मागं कुठं घेतलाय?"

हे खरं आहे. तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले, मास्तर सोळाव्या मजल्यावर गेले. पण संप कागदोपत्री चालू आहे आणि आजींचं खातंही.

बेरीज पुन्हा तपासतो आहे असं दाखवून मी ती वही दुसऱ्यांदा चाळली. मग तिसऱ्यांदा. दिवसाच्या शेवटी एका रुपयाचा फरक आला की आम्ही चाळतो, तशी. माझे वडील गिरणीत होते. मी तीन वर्षांचा असताना संप झाला. आई आणि मी तेव्हा गावी होतो. पुढे वडील रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि आम्हाला इथे घेऊन आले. वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली.

त्यांचं नाव वहीत नव्हतं.

"काय हुडकतोस?" आजींनी विचारलं. त्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा पटेनासं झालं.

मी सांगितलं. त्यांनी गिरणी विचारली, सांगितली. गाळा विचारला, सांगितला. "आन जेवायचे कुठं?"

मला सांगता येईना. वडिलांनी मला बी.कॉम. केलं. त्यांचा पगार किती होता, फंड किती मिळाला, बाकी किती राहिली, हे मला पैशापर्यंत ठाऊक आहे. पण ते जेवत कुठे होते, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

आजींनी वही माझ्या हातातून घेतली आणि कापडात बांधली. "हितं नसंल तर दुसऱ्या कुना बाईनं घातलं असंल. उपाशी मानसाला काय गिरन चालवता येती?"

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. नाव रहस्यकथेसारखं असलं तरी काम साधं आहे. रक्कम आली, पण कुणाची, कशाबद्दल, याचा पत्ता लागत नाही, तोवर ती तिथे टाकून ठेवायची. ऑडिटर दर वर्षी विचारतो, आम्ही दर वर्षी "बघतो" म्हणतो. माझ्याकडेही असं एक खातं आहे आणि त्यात बरीच मोठी रक्कम पडून आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या मजल्यावर, हातात रिकाम्या... म्हणजे चार लवंगा घातलेल्या डब्यासह कळलं.

घरी आल्यावर आईला विचारलं. आई पंचाहत्तरीची, पण तोंडाने तरुण आहे.

"आई, आपण गावी असताना बाबा इथे कुठे जेवायचे?"

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "होती कोण ती लालबागच्या बाजूची बया. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण जन्मभर तिच्या आमटीनं माझं रक्त आटवलं. आपल्याकडे आमटीत आमसूल. तर हे मुंबईहून आले की पहिल्या घासाला, 'आमटीला चिंच लागते.' आमच्या सात पिढ्यांत कुणी आमटीत चिंच घातली नव्हती! मला त्या बाईचा पत्ता हवाच होता. भांडायला."

मी आजींबद्दल सांगितलं. वहीत नाव नाही, तेही सांगितलं. आई काही बोलली नाही. पण रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचे जरा जास्तच आवाज आले, आणि मी निघालो तेव्हा दारात एक छोटा स्टीलचा डबा तयार होता.

"वहिनींची आमटी असतेच की," मी म्हटलं.

"असू दे. हीसुद्धा दे. कुणाची आहे ते सांगू नको."

आजींनी नेहमीप्रमाणे उभ्या उभ्या बोट बुडवलं. चाटलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही त्या बाईची न्हवं. ही कोकनातली. हात चांगलाय. पर आमसूल घातलंय. आमटीला चिंच लागती."

घरी आई दारातच उभी होती. मी चपला काढायच्या आधी तिने विचारलं, "काय म्हणाली?"

मी सांगितलं. आईने भिंतीला हात टेकला. "हेच! अगदी ह्याच शब्दात!"

"आई, घाटावरची कुठलीही बाई हेच म्हणेल. हा काही पुरावा नव्हे. बँकेत चालणार नाही."

"तुझी बँक राहू दे बाजूला. पुढच्या रविवारी मी येणार तुझ्याबरोबर."

"तीन मजले आहेत. लाकडी जिना. तुझे गुडघे..."

"भांडायला जायचं असलं की माझे गुडघे दुखत नाहीत."

एवढं बोलून तिने माझ्या हातातला छोटा डबा घेतला आणि धुवायला म्हणून उघडला. आत चिंचेचा गोळा होता. काळाभोर, मीठ लावून ठेवलेला. आईने तो हातात घेतला, वास घेतला, बोटाने दाबून पाहिला.

"जुनी आहे," ती म्हणाली. "चांगली आहे."

आमच्या घरात चिंचेची बरणी कधीच नव्हती. आईने आमसुलांची रिकामी केली.